सहा सेकंदांचे निरूपण आणि त्याची नक्कल

ज्या धंद्याचे दप्तर बंदिस्त असते त्याची थट्टा बाहेरच्या माणसाला फार तर वरवरची करता येते. त्या धंद्यातील माणसांचा पोशाख, त्यांच्या बोलण्याचे हेल, त्यांची मिजास एवढ्यापर्यंतच नकलाकाराची मजल जाते, आणि धंद्याच्या अंतरंगात चालणारा विचार मात्र त्याच्या हाती लागत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या चित्रफितींचे पृथक्करण करणाऱ्या समीक्षकांच्या ढंगात समाजमाध्यमांवर विनोदी मजकूर लिहिण्याचा जो प्रघात अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत रुजला आहे, तो म्हणूनच माझ्या मते नुसता पोरखेळ नव्हे. पाऊणशे वर्षे कुलूपबंद असलेले एक दप्तर लोकांपुढे उघडले गेले, त्या घटनेचा तो एक अनपेक्षित, आणि मला वाटते सर्वांत आनंददायक, परिणाम होय.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की जो खेळ डोळ्यांपुढे येतो त्याच्याशी या खेळाचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला लांबट चेंडू, शिरस्त्राणे व खांद्यांवर जाड गाद्यांचे कवच चढवलेले प्रत्येक पक्षाचे अकरा गडी, आणि सलग खेळाऐवजी तुटक तुटक चाली, असे त्याचे स्वरूप असून, एक चाल पाचसहा सेकंदांत संपते आणि मग दोन्ही पक्ष पुन्हा आपापल्या जागी येऊन पुढच्या चालीची मसलत करू लागतात. २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने घड्याळ लावून मोजले तेव्हा सुमारे तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो अवघी अकरा मिनिटे, असे निष्पन्न झाले. उरलेला सारा वेळ बोलण्याचा. त्यातच प्रत्येक चालीत बावीस माणसांना बावीस वेगवेगळी कामे नेमून दिलेली असतात आणि प्रेक्षकाची नजर मात्र चेंडूच्या मागे धावत असते. त्यामुळे चाल यशस्वी का झाली, कोणत्या गड्याने कोणाला कोठे अडवले म्हणून वाट मोकळी झाली, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याला तीच सहा सेकंदे पुनःपुन्हा पाहण्यावाचून गत्यंतर नसते. कीर्तनकाराने एक ओवी घ्यावी आणि तिच्यातील एकेक पद उलगडीत तासभर निरूपण करावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच या समीक्षकांना मी पुढे निरूपणकार असेच म्हणणार आहे.

या खेळाची चित्रे घेण्याची कल्पना चलच्चित्राइतकीच जुनी म्हणता येईल. एडिसनच्या कंपनीने १९०३ च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि येल या विद्यापीठांमधील सामन्याचे चित्रण केले होते व ती फीत आजही उपलब्ध आहे. परंतु ते चित्रण तमाशबिनांसाठी होते, अभ्यासकांसाठी नव्हे. अभ्यासाची आच ज्यांना पहिल्याप्रथम लागली अशा माणसांत सिड गिलमन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९११ साली मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या गिलमन यांच्या घराण्याचा चित्रपटगृहांचा व्यवसाय होता, आणि त्या काळी मुख्य चित्रपटाआधी जे वार्तापट दाखवीत त्यांतील फुटबॉलचे तुकडे कापून घेऊन हा मुलगा ते घरी नेत असे. पुढे १९३५ मध्ये लग्न झाल्यावर मधुचंद्राच्या प्रवासातच त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून पंधरा डॉलरांना एक प्रक्षेपक विकत घेतला, अशीही आख्यायिका आहे; ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यांच्या पत्नीच्या पुढील आयुष्याची रूपरेषा तीत पुरेपूर आली आहे, एवढे निश्चित. लॉस एंजेलिस रॅम्स आणि नंतर चार्जर्स या संघांचे प्रशिक्षक म्हणून गिलमन यांनी दूरवर चेंडू फेकण्याच्या आक्रमणतंत्राचा जो पाया घातला, तो या कातरलेल्या तुकड्यांवर उभा होता.

गिलमन यांना नाद होता. पॉल ब्राउन यांनी त्या नादाचा शिरस्ता केला. ओहायोतील मॅसिलन गावच्या शाळेच्या संघाचे प्रशिक्षकपद भूषवून पुढे १९४६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या नव्या संघाची सूत्रे हाती घेतलेल्या या करड्या शिस्तीच्या गृहस्थांनी खेळाडूंना वर्गात बसवले, त्यांच्याकडून वह्या लिहवून घेतल्या, बारमाही पगारी सहायक नेमले, आणि प्रत्येक सामन्याची फीत पाहून प्रत्येक गड्याच्या प्रत्येक चालीतील कामगिरीस गुण देण्याची पद्धत घालून दिली. त्या संघाने आपल्या आरंभीच्या स्पर्धामंडळाची चारही विजेतेपदे, १९४६ ते १९४९, ओळीने पटकावली आणि १९५० साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दाखल होताच तिचेही अजिंक्यपद जिंकले. तेव्हा इतरांनी ही पद्धत उचलली यात नवल नाही. यथावकाश संघासंघांत फितींची देवघेव होऊ लागली, आणि सामन्यानंतर अंधाऱ्या खोलीत प्रक्षेपकाच्या खडखडाटात बसून आपल्या चुका पाहणे हा प्रत्येक खेळाडूच्या आठवड्याचा अटळ विधी होऊन बसला.

या अंधाऱ्या खोलीतच आपल्या विषयाचे बीज आहे, म्हणून तिथे क्षणभर थांबणे योग्य होईल. प्रशिक्षकाच्या हाती एक कळ असे. ती दाबली की चाल पुढे जाई, पुन्हा दाबली की मागे येई, आणि जमिनीवर कोसळलेला गडी अदृश्य शक्तीने उचलल्यासारखा उठून उलट्या पावलांनी आपल्या जागी जाऊन उभा राही, मग पुन्हा कोसळे. त्यावर प्रशिक्षकाचे बोलणे चाले ते आज्ञार्थी आणि तुटक: हे पाहा, पुन्हा पाहा, पहिले पाऊल पाहा, हात कुठे आहेत पाहा, कंबर किती खाली आहे पाहा. त्या बोलण्यात अलंकार नसे, परंतु पुनरुक्ती विपुल असे. स्तुती क्वचित आणि नेमकी, निंदा मात्र सढळ. ‘वरचा डोळा खोटे बोलत नाही’ हे त्या जगातील सुभाषित आजही चालू आहे. ही भाषा संघांतील माणसांपलीकडे कोणाच्या कानी पडत नव्हती आणि पडावी अशी कोणाची इच्छाही नव्हती.

लोकांच्या कानी पडली ती दुसरीच भाषा, आणि ती घडवणारे बापलेक ही या इतिहासातील सर्वांत रसाळ पात्रे. फिलाडेल्फियाच्या परिसरात ओव्हरकोटांच्या व्यापारात असलेले एड सेबोल यांना लग्नाच्या आहेरात एक हातकॅमेरा मिळाला होता, आणि मुलाच्या शाळेतील सामन्यांची चित्रे घेता घेता त्यांना त्याचे असे वेड लागले की १९६२ साली त्यांनी कन्येच्या नावावरून ‘ब्लेअर मोशन पिक्चर्स’ नावाची कंपनी काढून त्या वर्षीच्या अंतिम सामन्याच्या चित्रणाचा मक्ता काही हजार डॉलरांची बोली लावून मिळवला. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये डिसेंबरअखेरच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत तो सामना झाला. काही वर्षांतच लीगने ही कंपनी आपल्या पंखाखाली घेतली आणि तिचे ‘एनएफएल फिल्म्स’ झाले. तिच्या पटांत मंदगती चित्रण, रणवाद्यांसारखे संगीत आणि जॉन फसेंडा नामक फिलाडेल्फियाच्या वृत्तनिवेदकाचा धीरगंभीर आवाज यांचा असा काही मिलाफ होता की चिखलात लोळणारे गडी महाकाव्यातील वीर वाटू लागले. त्या कंपनीचा ‘दे कॉल इट प्रो फुटबॉल’ हा १९६७ चा पट २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत समाविष्ट झाला.

आता गंमत अशी, की हे सारे वीररसाचे साम्राज्य ज्याने लेखणीने आणि कातरीने उभे केले तो एड यांचा पुत्र स्टीव्ह सेबोल हा तरुणपणी पक्का खुशालचेंडू होता. कोलोरॅडो कॉलेजात कलेतिहास शिकत असताना संघात आपली गणना यथातथाच आहे हे ओळखून त्याने स्वतःलाच ‘सडन डेथ सेबोल’ असा किताब बहाल केला, पेनसिल्व्हेनियातील सुखवस्तू घर सोडून मिसिसिपीतील ‘पॉसम ट्रॉट’ हे आपले गाव असल्याची बतावणी केली, आणि स्वखर्चाने आपल्या पराक्रमाच्या जाहिराती छापवल्या. इतक्या, की ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाला १९६५ मध्ये त्याच्यावर लेख लिहावासा वाटला. म्हणजे फुटबॉलच्या भव्य शैलीचा जनक हा त्या भव्यतेचा आद्य विडंबनकारही होता. १९६८ साली त्याच कंपनीने ‘फुटबॉल फॉलीज’ काढले, ज्यात हातातून निसटणारे चेंडू, एकमेकांवर आपटणारे पंच आणि उलट्या दिशेने धावणारे गडी यांची माळ गुंफलेली होती. गंभीर पटासाठी टाकाऊ ठरलेली फीत हास्यपटाला टिकाऊ ठरली. तथापि हे हास्य प्रसंगांवर होते. निरूपणाच्या शैलीवर हसण्याची वेळ अद्याप यावयाची होती.

ती वेळ जवळ आणणाऱ्या यंत्राचा जन्म एका पदार्थवैज्ञानिकाच्या हातून झाला, हेही या इतिहासाच्या विक्षिप्तपणास धरूनच आहे. लेनर्ड रायफेल हे गृहस्थ १९५८ च्या सुमारास अमेरिकन हवाईदलासाठी चंद्रावर अणुबाँब फोडल्यास काय दिसेल याचा गुप्त अभ्यास करीत होते. तेच पुढे शिकागोत मुलांसाठी दूरचित्रवाणीवर विज्ञानाचे कार्यक्रम करू लागले, आणि पडद्यावरील चित्रावर थेट रेघा काढता आल्या तर समजावणे किती सोपे होईल, या विचारातून त्यांनी टेलिस्ट्रेटर बनवला. २४ जानेवारी १९८२ रोजी सोळाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सीबीएस वाहिनीने ते यंत्र जॉन मॅडन यांच्या हाती दिले. ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षकपद दहा वर्षे भूषवून समालोचनाकडे वळलेले मॅडन हे अगडबंब, उत्साही आणि निर्व्याज बोलणारे. पिवळ्या रेघा ओढीत, मध्येच ‘बूम’ असा उद्गार काढीत ते अंधाऱ्या खोलीतील ज्ञान दिवाणखान्यात आणू लागले, आणि चालीबरोबरच बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाभोवतीही वर्तुळ काढण्यास त्यांना संकोच वाटत नसे. त्यांची नक्कल साहजिकच झाली. फ्रँक कॅलिएंडो या विनोदी नटाने ‘मॅडटीव्ही’त आणि नंतर फॉक्स वाहिनीवर त्यांचा आवाज इतका हुबेहूब काढला की पुष्कळांना मूळ आणि प्रतिकृती यांत भेद करणे कठीण जाई. पण ती आवाजाची, हातवाऱ्यांची नक्कल होती. मॅडन काय पाहतात याची ती नव्हती. आणि हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

काय पाहावे याची दीक्षा जनसामान्यांना देण्याचे श्रेय १९८४ साली एनएफएल फिल्म्सने सुरू केलेल्या, पुढे ‘एनएफएल मॅचअप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कार्यक्रमास आणि त्याचे सूत्रधार ग्रेग कोसेल यांना द्यावे लागेल. तो कार्यक्रम लागे भल्या पहाटे, जेव्हा धर्मनिष्ठ आणि निद्रानाशी यांच्याखेरीज कोणी जागे नसते. परंतु त्यात प्रशिक्षकांच्या खास कॅमेऱ्याची दृश्ये दाखवीत. पुढे २०१० पासून माजी प्रशिक्षक जॉन ग्रुडेन यांनी नवोदित क्वार्टरबॅकांना, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या गड्यांना, समोर बसवून त्यांची उलटतपासणी घेणारा जो कार्यक्रम केला, त्यातून ‘स्पायडर टू वाय बनाना’ हे एका चालीचे सांकेतिक नाव घरोघर पोचले, आणि अशा नावावर आणखी विनोद तो काय करावा, असा पेच विनोदकारांना पडला असावा.

मूळ दप्तर मात्र बंदच होते. स्टेडियमच्या उंच जागेवरून, बावीसही गडी अथपासून इतिपर्यंत चौकटीत राहतील अशा बेताने घेतलेली ‘ऑल-२२’ ही फीत लीग सर्वसामान्यांना देत नसे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे मागे खोलवर उभे असलेले बचावपटू बहुतांश काळ चौकटीबाहेर असतात; तेव्हा सामान्य प्रेक्षकाला अर्धा सामना दिसतच नव्हता असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. २०११ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या गुप्ततेवर लेख प्रसिद्ध केला, त्यात चार्ली कॅसर्ली या माजी संघव्यवस्थापकांनी आपण ही फीत खुली करण्याच्या विरुद्ध मत दिले होते असे सांगून त्याचे कारणही दिले: लोकांच्या हाती ती पडली तर खेळाडू व प्रशिक्षक यांच्यावर अभूतपूर्व टीकेचा भडिमार होईल. पुढच्याच वर्षी, २०१२ च्या हंगामापासून, लीगने वर्गणी भरणाऱ्यास ती पाहण्याची मुभा दिली. कॅसर्ली यांचे भाकीत अंशतः खरे ठरले. टीका झाली, पण तिच्याबरोबर दुसरेही काही झाले, ज्याची कल्पना त्यांना आली नव्हती. हजारो हौशी लोक निरूपण करू लागले; आणि हजारो लोक निरूपण करू लागले की त्या निरूपणाची सांकेतिक वळणे सर्वांच्या ध्यानात येतात, आणि विडंबनास जमीन तयार होते.

या जमिनीत जो वृक्ष सर्वांत डेरेदार वाढला त्याचे नाव ब्रायन बाल्डिंजर. १९८२ ते १९९३ या काळात डॅलस, इंडियानापोलिस आणि फिलाडेल्फिया या तीन संघांकडून आक्रमणफळीत, म्हणजे ज्याला चेंडू हाती घेण्याचे भाग्य जवळजवळ कधीच लाभत नाही अशा जागी, खेळलेला हा माणूस पुढे एनएफएल नेटवर्कवर समालोचक झाला आणि ‘बाल्डीज ब्रेकडाउन्स’ या मथळ्याखाली ट्विटरवर छोट्या छोट्या चित्रफिती स्वतःच्या निवेदनासह प्रसिद्ध करू लागला. मजकुराच्या आरंभी संघाचे खातेनाम, त्याच्याही आधी एक टिंब. हे टिंब जुन्या व्यवहाराचा अवशेष आहे: नावाने सुरू होणारा मजकूर पूर्वी मर्यादित लोकांनाच दिसत असे, म्हणून तो सर्वांना दिसावा यासाठी आधी टिंब घालण्याचा शिरस्ता पडला होता. त्यानंतर दोनचार ओळींत एखाद्या अप्रसिद्ध गड्याची मनमुराद तारीफ आणि शेवटी ठरलेली मोहोर. चित्रफितीत चाल थांबते, मागे येते, पुन्हा चालते, आणि निवेदकाचा आवाज जणू प्रत्येक वेळी ती चाल प्रथमच पाहत असल्यासारखा हर्षभरित होतो.

या शैलीत मला एक फार मोठा गुण दिसतो, आणि तोच विडंबनाचेही मर्म आहे. तो असा की निरूपणकाराची दृष्टी चेंडूवर नसते. जगाचे लक्ष नव्वद यार्ड धावलेल्या वीराकडे असताना हा मनुष्य सांगत असतो, की आक्रमणफळीतील डावीकडच्या या गार्डचे दुसरे पाऊल पाहा, त्याने आपला गडी सोडून पुढच्या फळीतला गडी कसा गाठला ते पाहा, खांदे किती खाली ठेवले आहेत ते पाहा. कारण या खेळात जो खाली असतो तो जिंकतो. उपेक्षितांच्या बाजूने असा अखंड, सविस्तर आणि तांत्रिक पुरावा देत राहणे हे एक प्रकारे न्यायाचे कार्य आहे. परंतु प्रशंसेचे प्रमाण आणि प्रशंसेचा विषय यांत जे अंतर पडते, चार इंचांच्या पाऊलबदलासाठी जो आनंदाचा कल्लोळ होतो, तो हास्याला आमंत्रण देतो. नकलाकाराला केवळ ते अंतर आणखी थोडे वाढवावे लागते.

ते तो वाढवतो विषय बदलून. समजा, परसातील पक्ष्यांच्या दाणापात्रावर एक खार चढत आहे, अशी बारा सेकंदांची फीत कोणाजवळ आहे. तो आरंभी टिंब घालतो, मग जणू खारींचाही संघ असावा अशा थाटात खातेनाम देतो, आणि लिहितो, की ‘या नवख्या खारीचे मागचे पाय पाहा. धक्का बसला तरी कंबर ढळत नाही. शेपटीचा प्रतितोल पाहा, हे शिकवून येत नाही. वरच्या खांबाला असलेली पन्हळ पाहून तिने क्षणार्धात मार्ग बदलला. गेल्या हंगामात हे तिला जमत नव्हते. आणि खाली कुंपणाशी उभी असलेली दुसरी खार पाहा, जिच्याविषयी कोणी बोलणार नाही; कुत्र्याचे लक्ष तिने वेधून घेतले नसते तर ही चालच झाली नसती.’ वरील मजकूर मी नमुन्यादाखल रचला आहे, परंतु त्या प्रकारातील सर्व अवयव त्यात आले आहेत. यांतील शेवटचा, कुंपणापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या खारीचा अवयव ज्याला सुचतो तो खरा जाणकार. ज्याला फक्त ‘पाहा, पाहा’ एवढेच सुचते तो फार तर कान तयार असलेला मनुष्य होय. पहिल्याने ऑल-२२ पाहिली आहे, दुसऱ्याने बाल्डिंजर नुसते ऐकले आहेत.

चलच्चित्राच्या सूक्ष्म पृथक्करणाची अशी थट्टा अमेरिकेत पूर्वी झालीच नव्हती असे नाही. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येवरील ऑलिव्हर स्टोन यांच्या १९९१ च्या चित्रपटात झप्रुडर यांनी घेतलेली त्या हत्येची फीत दाखवून गोळीच्या मार्गाची जी चिकित्सा आहे, तिचे विडंबन ‘साइनफेल्ड’ या मालिकेने लगेच १९९२ च्या फेब्रुवारीत केले. गोळीऐवजी थुंकी आणि बळी पडलेल्यांऐवजी बेसबॉलचे दोन शौकीन. शिवाय त्यांतला एक नट मूळ चित्रपटातही होता. त्या प्रसंगाचे सौंदर्य याच गोष्टीत होते की कोन, अंतर, क्रम हे सारे काटेकोर होते. आपल्याकडेही १९२५ साली आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ वाहिली, ती ज्या रविकिरण मंडळाच्या कवींना वाहिली त्यांच्या वृत्तांवर अत्र्यांची हुकमत होती म्हणूनच ती अद्याप कोमेजली नाहीत. विडंबनाचा हा नियम सागरापलीकडे गेल्याने बदलत नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात कोविडच्या साथीमुळे जगातील मैदाने एकदम ओस पडली तेव्हा या प्रकाराला बहर आला. निरूपणकार होते, श्रोते होते, आणि निरूपणास विषय उरला नव्हता. त्या वेळी फॉक्सवर असलेले नामांकित समालोचक जो बक यांनी लोकांना घरगुती चित्रफिती पाठवण्याचे आवाहन करून त्यांवर समालोचन केले; तिकडे ब्रिटनमध्ये अँड्र्यू कॉटर या समालोचकाने ऑलिव्ह आणि मेबल या आपल्या दोन कुत्र्यांच्या जेवणाचे अंतिम सामन्याच्या थाटात वर्णन केले आणि ते जगभर पाहिले गेले. म्हणजे ज्यांची नक्कल व्हावयाची तेच नकलाकार झाले. कॉटर यांच्या फितीत मला विशेष भावते ते हे, की त्यांनी आवाजाची पट्टी तसूभरही बदलली नाही. हसण्याचे काम त्यांनी सर्वस्वी श्रोत्यावर सोपवले.

राहता राहिला कायद्याचा मामला. ‘प्रिटी वुमन’ या गीताच्या विडंबनावरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, धंद्यासाठी केलेले विडंबनही न्याय्य वापरात मोडू शकते, असा निवाडा दिला आहे. तेव्हा शैलीची थट्टा करण्यास कोणाचीच हरकत चालत नाही. अडचण येते ती फितीची, कारण फीत लीगच्या मालकीची. २०१५ च्या ऑक्टोबरात लीग आणि इतर क्रीडासंस्थांच्या तक्रारींवरून ट्विटरने ‘डेडस्पिन’ आणि ‘एसबी नेशन’ या क्रीडासंकेतस्थळांची चित्रतुकडे प्रसिद्ध करणारी खाती काही काळ बंद केली, तेव्हा हौशी निरूपणकार आणि विनोदकार या दोघांच्याही पोटात गोळा उठला. खार आणि मांजर यांची चलती होण्यास हेही एक व्यावहारिक कारण असावे, असा माझा तर्क आहे. खारींचे कोणतेही स्पर्धामंडळ नोटीस बजावीत नाही. आवाजाचेही तसेच. फसेंडा १९८४ मध्ये वारले, पण त्यांच्या ध्वनिमुद्रणातील अवघी तेरा सेकंदे मॅडन यांच्या नावाच्या व्हिडिओ खेळाच्या प्रचारपटात वापरली गेली म्हणून त्यांच्या वारसांनी एनएफएल फिल्म्सवर दावा लावला, आणि २००८ साली वरिष्ठ न्यायालयाने पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यान्वये त्या आवाजावरील वारसांचा हक्क मान्य केला.

याहून गंभीर प्रश्न तोतयांचा आहे, आणि तोतया व नकलाकार यांची गल्लत केल्याने दुसऱ्यावर अन्याय होतो. बेसबॉल प्रशिक्षक टोनी ला रूसा यांच्या नावाने कोणी बनावट खाते उघडून त्यांच्या संघातील मृत्यूंवर अभद्र विनोद केले, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी ट्विटरवर फिर्याद केली, आणि त्यानंतर लगेचच ओळख पटवलेल्या खात्यांना निळी खूण देण्याची पद्धत सुरू झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात नव्या मालकाच्या अमलाखाली ही खूण पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागताच वार्ताहर ॲडम शेफ्टर यांचे सोंग घेतलेल्या एका खात्याने लास व्हेगासच्या संघाने आपला प्रशिक्षक काढून टाकल्याची खोटी बातमी पसरवली. जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीने विडंबनखात्यांवर तशी स्पष्ट चिठ्ठी लावण्याची तजवीज केली. ती योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाशी तिचा संबंध थोडा. जो मनुष्य स्वतःच्या नावाने, स्वतःच्या परसातील खारीवर, बाल्डिंजर यांच्या लयीत चार ओळी लिहितो तो कोणाचेही सोंग घेत नाही आणि कोणाला फसवीतही नाही. वाचकाने मूळ ओळखले तरच त्याचा विनोद साधतो, न ओळखले तर तो फुकट जातो. तोतयाचा सारा उद्योग याच्या नेमका उलट असतो.

या प्रकारात आज लिहिले जाणारे बहुतेक मजकूर सुमार आहेत, हे मान्य करणे भाग आहे. त्यांना लकब सापडली आहे, नजर सापडलेली नाही. ज्या वाचकास हा खेळ परका आहे आणि तरीही त्याच्या थट्टेची चव घ्यावीशी वाटते, त्याने थट्टेपासून आरंभ करू नये. वरच्या कॅमेऱ्यातून घेतलेला एक सामना प्रथम पाहावा, त्यातील पुढच्या फळीतला कोणताही एक गडी, म्हणजे लाइनमन, निवडावा, आणि चार चाली होईपर्यंत चेंडूकडे अजिबात पाहू नये.